साथीच्या काळातील दोन बेटे

सिंगापूरच्या मुख्य बेटापासून दक्षिणेस सुमारे साडेसहा किलोमीटरांवर सेंट जॉन्स नावाचे एक लहानसे, वृक्षाच्छादित बेट आहे. सेंटोसा या दुसऱ्या बेटाच्या विख्यात किनाऱ्यावर हवापालटासाठी उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी फारच थोडे तिकडे वळतात. परंतु साथीच्या दिवसांत परक्या देशाच्या सागरतीरावर चार दिवस सुखाने घालविण्याची मुभा कशी मिळते, ती कोणाला मिळते आणि कोणाला नाकारली जाते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने प्रथम या बेटाची हकीकत जाणून घ्यावी, असे माझे मत डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन्ही बेटे पाहिल्यानंतर झाले आहे.

१८७३ मध्ये सिंगापुरात पटकीची साथ उद्भवली. रोग जहाजांतून येतो आणि बंदरावर ज्याचे पोट चालते त्या शहराला जहाजे तर बंद करता येत नाहीत, हे ओळखून तेथील वसाहत सरकारने पुढल्याच वर्षी सेंट जॉन्सवर क्वारंटीनचे ठाणे बसविले. चीनच्या आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून आगबोटीच्या डेकवर दाटीवाटीने बसून येणारे मजूर, मक्केची यात्रा आटोपून परतणारे हाजी, अशा हजारो उतारूंना येथे उतरवून घेतले जाई. त्यांची तपासणी होई, कपड्यांचे निर्जंतुकीकरण होई, देवीची लस टोचली जाई, आणि अंगी रोग नाही अशी खात्री पटेपावेतो त्यांना समोर दिसणाऱ्या शहराकडे पाहत तेथेच राहावे लागे. १९३० नंतरच्या दशकात हे ठाणे जगातील मोठ्या क्वारंटीन ठाण्यांत गणले जाऊ लागले. पुढे आगबोटींतून येणाऱ्यांची संख्या रोडावली, तेव्हा त्याच इमारतींत राजकीय कैदी ठेवण्यात आले, आणि कालांतराने सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्षपदावर आरूढ झालेले देवन नायर हे त्यांपैकीच एक होत. १९५५ पासून तेथे अफूच्या व्यसनींवर उपचार होऊ लागले. अखेर १९७५ मध्ये सरकारने तेथे पोहण्याच्या जागा आखल्या, राहण्यासाठी बंगले दिले, आणि शंभर वर्षे ज्या किनाऱ्यावर माणसे नाइलाजाने राहिली त्या किनाऱ्यावर लोक हौसेने जाऊ लागले.

मार्च २०२० मध्ये याच्या नेमके उलट घडले. इंग्लंड-अमेरिकेहून घाईने परतणाऱ्या आपल्या नागरिकांना चौदा दिवस वेगळे ठेवण्यासाठी सिंगापूर सरकारने मोठमोठी हॉटेले ताब्यात घेतली, आणि सेंटोसाच्या वाळूला लागूनच असलेले शांग्रिला रासा सेंटोसा हे विलासस्थान क्वारंटीनचे ठाणे झाले. पर्यटकांना घेऊन फिरणारी सुपरस्टार जेमिनी आणि सुपरस्टार ॲक्वेरियस ही दोन जहाजे त्याच वर्षी बरे झालेल्या कामगारांच्या निवासासाठी धक्क्याला लागली. विहाराची जागा आणि विलगीकरणाची जागा या दोहोंमध्ये जमिनीचा भेद नसतो. भेद असतो तो केवळ हुकमाचा. ही गोष्ट आम्हां मराठी माणसांना नवी वाटू नये. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, पुण्यात त्याच्या जोरावर घरोघर झडत्या झाल्या आणि माणसे छावण्यांत नेऊन ठेवली गेली. आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनाच्या बंदोबस्तासाठी हाती घेतला तो हाच सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा.

आम्ही उभयता सिंगापूरला गेलो ते वस्तुतः समुद्रासाठी नव्हे, तर कन्येला भेटण्यासाठी. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या असंख्य मराठी कुटुंबांप्रमाणे तिच्याही घराची आणि आमच्या घराची ताटातूट झाली होती. एप्रिल २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट उसळली तेव्हा सिंगापूरने २३ तारखेच्या मध्यरात्रीपासून भारतातून येणाऱ्या अल्पकालीन प्रवाशांना आणि दीर्घ मुदतीचा परवाना असलेल्या रहिवाशांनाही दार बंद केले; इकडे आईवडिलांच्या आजारपणासाठी आलेली कित्येक माणसे इकडेच अडकली, आणि कित्येकांनी तिकडे बसून आपल्या माणसांचे अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस ते दार दहा दिवसांच्या विलगीकरणाच्या अटीवर किलकिले झाले. आणि २९ नोव्हेंबर २०२१ पासून ‘व्हॅक्सिनेटेड ट्रॅव्हल लेन’ या नावाची, लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी विलगीकरणाविना प्रवेशाची योजना भारतालाही लागू झाली. चेन्नई, दिल्ली आणि मुंबई या तीन शहरांतून प्रत्येकी दोन विमाने रोज या योजनेखाली सुटावयाची होती. कन्येने लिहिले, “बाबा, आता या. नात मोठी झाली तरी तिने तुम्हांला पाहिलेले नाही.” यावर विचार करावयाचा तो काय!

तथापि विचार करावा लागलाच. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनची चिंताजनक प्रकारांत गणना केली होती. २ डिसेंबरला सिंगापुरात आणि त्याच दिवशी भारतातही त्याचे पहिले रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले, आणि ४ तारखेला तो डोंबिवलीत म्हणजे आमच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचला. अशा समयी वयस्क माणसांनी समुद्र ओलांडावा काय, आणि ओलांडून जामाताने सुचविल्याप्रमाणे सेंटोसाच्या किनाऱ्यावर मुक्काम करावा काय, या प्रश्नाचा आम्ही गंभीरपणे विचार केला. भेट ही गरज होती. किनारा ही चैन होती. परंतु घरात कोंडून काढलेल्या काळानंतर आम्हां पाच जणांना एकत्र मोकळी हवा मिळावी, आणि बंद खोलीपेक्षा उघड्या हवेत संसर्गाचे भय पुष्कळच कमी असते हे तोवर वैद्यकाने निःसंशय दाखवून दिले होते, म्हणून आम्ही होकार दिला. तो होकार योग्य होता असे मला अद्यापि वाटते. मात्र त्याबरोबर आलेली बंधने प्रामाणिकपणे पाळली म्हणूनच तो योग्य ठरला.

ती बंधने कोणती, हे थोडे तपशिलाने सांगणे अवश्य आहे, कारण साथीतला प्रवास हा निम्मा कागदपत्रांचाच प्रवास असतो. प्रथम लसीकरणाचे प्रमाणपत्र. कोविन दप्तरातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर परदेश-प्रवासासाठी पूर्ण जन्मतारीख नोंदवून घ्यावी लागे. मी कोविशील्ड घेतली होती, परंतु सौभाग्यवतींची लस कोव्हॅक्सिन होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिला ३ नोव्हेंबरला मान्यता दिली नसती तर आमचा बेत तेथेच तहकूब झाला असता. नंतर प्रवासाच्या निदान सात दिवस आधी प्रवेशपरवान्याचा अर्ज. करोनावरील उपचारांसाठी किमान ३०,००० सिंगापूर डॉलरांचा विमा. प्रस्थानापूर्वी दोन दिवसांच्या आतील चाचणीचा निर्दोष दाखला. आणि चांगी विमानतळावर उतरल्याबरोबर करावयाच्या चाचणीचे आगाऊ शुल्क. ६ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून यात आणखी एका फर्मानाची भर पडली: पोहोचल्यापासून सातव्या दिवसापावेतो रोज प्रतिजन चाचणी, त्यांपैकी तिसऱ्या व सातव्या दिवसाची सरकारी केंद्रावर देखरेखीखाली, बाकीची आपल्या हातांनी.

चांगीला आम्ही पहाटे उतरलो. ज्या विमानतळावर एकेकाळी चालताना माणसाला माणूस लागत असे तेथील लांबच लांब गालिचे निर्मनुष्य पडले होते. सिंगापूरला २०१९ मध्ये १ कोटी ९१ लाख पाहुणे आले. २०२० मध्ये ही संख्या २७ लाखांवर आणि २०२१ मध्ये अवघ्या ३ लाख ३० हजारांवर उतरली. या आकड्यांमागे किती मोलकरणी, किती स्वयंपाकी, किती टॅक्सीचालक यांची भाकरी होती हे मनात आणले म्हणजे ‘साथीत पर्यटन हे पापच’ असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मला सहमत होता येत नाही. चाचणीच्या कक्षात एका तरुण परिचारिकेने सौभाग्यवतींचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसविले आणि काम इतक्या हळुवारपणे उरकले की त्यांचा सारा संकोच गेला. निकाल येईपर्यंत मात्र कन्येच्या घरी एका खोलीत बंद राहावयाचे, नातीलाही दुरूनच पाहावयाचे. संध्याकाळी भ्रमणध्वनीवर निकाल निर्दोष आल्याचा संदेश झळकला तेव्हा दाराबाहेर वाट पाहत असलेली ती चिमुरडी आजीच्या गळ्यात पडली. तो क्षण पाहण्यासाठी याच्या दुप्पट कागद भरावे लागते तरी मी भरले असते.

सरकारी शिस्तीचे हे जे दर्शन सिंगापुरात पावलोपावली घडते ते एका रात्रीत उपजलेले नाही. २००३ मध्ये सार्सच्या साथीने तेथे २३८ जणांना गाठले आणि त्यांपैकी ३३ दगावले. त्यांत रुग्णसेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. त्या अनुभवातून जे धडे घेतले गेले त्यांचे एक मूर्त फळ म्हणजे २०१९ मध्ये रीतसर सुरू झालेले ३३० खाटांचे राष्ट्रीय संसर्गरोग केंद्र. करोना येऊन थडकला तेव्हा ते सज्ज होते. परंतु शिस्तीला किंमतही असते. प्रत्येक दुकानात, प्रत्येक उपाहारगृहात शिरताना ‘ट्रेसटुगेदर’ या यंत्रणेत आपली नोंद करावी लागे, म्हणजे कोण कोणाच्या सान्निध्यात आला याचा माग राही. ही माहिती केवळ साथीच्या कामी येईल असे आरंभी सांगण्यात आले होते. जानेवारी २०२१ मध्ये मात्र फौजदारी तपासासाठी पोलिसांनाही ती मिळू शकते असे संसदेत उघड झाले, तेव्हा लोकांत इतका असंतोष पसरला की पुढल्याच महिन्यात कायदा करून तो वापर खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. जेथे सरकारविरुद्ध शब्द जपून उच्चारले जातात तेथेही नागरिकांनी आपले म्हणणे मांडले आणि ते ऐकले गेले, हे नमूद करण्यासारखे आहे.

सेंटोसाला आम्ही गेलो ते पहिल्या आठवड्याच्या चाचण्या संपवून. सुमारे पाच चौरस किलोमीटरांचे हे बेट पुलाने मुख्य बेटाला जोडलेले आहे. पूर्वी त्याला पुलाऊ ब्लाकांग माटी म्हणत. ब्रिटिशांच्या तोफा येथे होत्या, आणि १९४२ मध्ये जपान्यांनी केलेल्या हत्याकांडातील प्रेते याच्या किनाऱ्याला लागली होती. १९७० नंतर बेटाचे नाव बदलले, रूप बदलले. सिलोसो, पालावान आणि तांजोंग हे त्याचे तीन किनारे बव्हंशी मनुष्यनिर्मित आहेत. त्यांची शुभ्र वाळू शेजारच्या देशांतून विकत आणून पसरलेली आहे आणि लाटांचा जोर मोडण्यासाठी समोर लहान लहान द्वीपे रचलेली आहेत. आमच्या कोकणातील गुहागर-वेळणेश्वरचा जो उसळता, गर्जणारा समुद्र, तो येथे नाही. पाणी संथ, किंचित गढूळ, अंघोळीच्या पाण्यासारखे कोमट. नारळीच्या आणि रानबदामाच्या सावलीत मोर मोकळे हिंडतात. डिसेंबर हा तेथील पावसाचा महिना. दुपारी आकाश एकाएकी काळवंडून तासभर अशी वृष्टी होई की समोरची जहाजे दिसेनाशी होत, आणि लगेच ऊन पडे.

मुक्कामाच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी एकत्र बसावयाचे नाही असा नियम होता. आम्ही नेमके पाचच असल्याने सुटलो. गर्दीच्या दिवशी किनाऱ्यावर येण्यासाठी आधी नोंदणी करण्याची व्यवस्था सेंटोसाने २०२० पासूनच केलेली होती. पोहताना मुखपट्टी काढण्यास परवानगी, परंतु पाण्याबाहेर येऊन वाळूत चालू लागलात की ती तोंडावर असली पाहिजे. लाल गणवेशातील कर्मचारी सौजन्याने परंतु न चुकता आठवण करून देत. सकाळच्या न्याहारीच्या वेळी मांडलेल्या पदार्थांना पाहुण्याने हात लावावयाचा नाही, वाढपी पारदर्शक पडद्याआडून वाढून देई. आमच्या पिढीला हे जाचक वाटावे अशी अपेक्षा असते. मला मात्र त्या किनाऱ्यावर फार दिवसांनी निर्धास्तपणे श्वास घेता आला, कारण शेजारच्या आसनावरील प्रत्येक मनुष्य माझ्याप्रमाणेच तपासून आलेला आहे ही जाणीव पाठीशी होती. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे त्याचे ओझे वाटत नाही.

परंतु तो सर्वांना सारखा होता काय? पालावानच्या किनाऱ्यावर बसले की समोरच्या सामुद्रधुनीत नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजे क्षितिजापर्यंत दिसतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकून पडले होते, कारण बहुतेक बंदरे त्यांना पाय ठेवू देत नव्हती. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील किती घरे या नोकरीवर उभी आहेत हे मी सांगावयास नको. आपण वाळूत बसून ज्यांच्याकडे शोभा म्हणून पाहतो त्या जहाजांवर आपल्याच दर्यावर्दी गावांतील कोणी कठड्याला टेकून या किनाऱ्याकडे पाहत असेल, हा विचार एकदा मनात आला तो पुन्हा गेला नाही.

आणि त्याहून निकटचे एक दुःख त्या शहराच्या कडेला होते. सिंगापुरातील उंच इमारती, भुयारी रेल्वे, किनाऱ्यांवरील विहारधामे ज्यांनी बांधली ते बांगलादेशाचे, तामिळनाडूचे, आंध्रचे, चीनचे सुमारे ३ लाख २० हजार कामगार २०२० मध्ये मोठमोठ्या वसतिगृहांत राहत होते. एकेका खोलीत बारा-बारा, कोठे त्याहून अधिक. एप्रिल २०२० मध्ये साथ तेथे शिरली. त्या महिन्याच्या २० तारखेला एका दिवसात १,४२६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी बहुतेक सर्व या वसतिगृहांतील होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारनेच जाहीर केले की वसतिगृहवासीयांपैकी ४७ टक्के, म्हणजे दीड लाखाहून अधिक कामगार, केव्हा ना केव्हा बाधित होऊन गेले आहेत. न्यायाने सांगितले पाहिजे की सरकारने त्यांच्या उपचाराचा भार उचलला, अन्न पुरविले, आणि त्यांच्यातील मृत्यू अत्यल्प राहिले. परंतु बाकीचे शहर जून २०२० मध्ये हळूहळू खुले झाले तरी हे कामगार काम आणि वसतिगृह याखेरीज कोठेही स्वेच्छेने जाऊ शकत नव्हते. मी सेंटोसाच्या वाळूत बसलो होतो त्या डिसेंबरातही त्यांना ठरलेल्या करमणूक-केंद्रात जाण्यास परवाना लागे, आणि शहरात फिरण्याची मुभा लस घेतलेल्या मर्यादित संख्येलाच, काही तासांपुरती मिळे. लस त्यांनी घेतली होती, चाचण्याही ते नियमितपणे करीत होते. परदेशाहून आलेल्या माझ्यासारख्या पाहुण्यावर सात दिवसांची बंधने होती. त्यांच्यावरील बंधनांना दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

हे सारे मनात असताना आम्ही मरिना साउथच्या धक्क्यावरून लाँचने सेंट जॉन्सला गेलो. आता तेथे पायवाट आहे, मोठमोठे जुने वृक्ष आहेत, सागरी जीवशास्त्राची एक प्रयोगशाळा आहे, आणि एका बांधावरून चालत गेले की लाझारस बेटाचा अर्धचंद्राकृती, सुंदर किनारा लागतो. नातीने तेथे मनसोक्त शिंपले वेचले. याच पाण्यात १८१९ च्या जानेवारीत सिंगापूरच्या ब्रिटिश वसाहतीचा संस्थापक रॅफल्स याचे जहाज नांगरले होते आणि याच वाटेने पुढे कित्येक दशके आशियातील दरिद्री माणूस तपासणीच्या रांगेतून त्या श्रीमंत बंदरात शिरला. जामाताने विचारले, “बाबा, इथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, नाही का?” मी त्याला ठाण्याची हकीकत सांगितली, आणि तो म्हणाला की इतकी वर्षे राहूनही आपण हे बेट केवळ सहलीचे ठिकाण समजत होतो. सिंगापूरला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने सेंटोसाबरोबर अर्धा दिवस या बेटासाठी राखून ठेवावा. लाँचच्या वेळा सुट्टीच्या दिवशी अधिक सोयीच्या असतात, पाणी आणि फराळ बरोबर न्यावा, कारण तेथे दुकान नाही.

आमचा परतीचा प्रवास सुखरूप झाला. आम्ही तेथे असतानाच, २२ डिसेंबरला, ओमायक्रॉनच्या भयाने सिंगापूरने या योजनेतील तिकिटांची विक्री २० जानेवारीपर्यंत थांबविल्याचे जाहीर केले. तिकिटे तोवर काढली नसती तर भेट झाली नसती. भारत सरकारने ‘जोखमीच्या’ देशांच्या यादीतून सिंगापूरचे नाव त्याच महिन्यात वगळले होते, त्यामुळे मुंबईला ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावरील निवेदन, चाचणीचा दाखला आणि चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याची सूचना एवढ्यावर निभावले. ज्यांना पुढे कधी अशा काळात प्रवास करण्याची वेळ येईल त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की विमा आणि परतीचा पर्याय यांत काटकसर करू नये, चाचणीत दोष निघाल्यास मुक्काम वाढेल हे धरूनच पैसा व औषधे बरोबर ठेवावी, आणि अंगात कसर वाटली तर ती लपवून निघू नये.

१ एप्रिल २०२२ पासून लस घेतलेल्या सर्व परदेशी प्रवाशांना सिंगापूरने पोहोचल्यावरची चाचणी आणि विलगीकरण माफ केले. वसतिगृहांतील कामगारांना परवान्याविना बाहेर पडता येऊ लागले ते २४ जून २०२२ पासून, आणि तेव्हाही रविवारी व सुट्टीच्या दिवशी लिटल इंडियासह चार वस्त्यांत जाण्यासाठी त्यांना वेगळा पास काढावा लागत होता. हा क्रम अन्यायाचा होता. पाहुण्यांच्या आधी ती मोकळीक त्यांना मिळावयास हवी होती.